खाजगी खिडकी आणि सामाईक फोन

यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी या गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये, अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मोबाइल वापरू नये, असा ठराव एकमताने संमत केला, तेव्हा दूरच्या शहरांतील वृत्तपत्रांनी त्याची दखल काहीशा कौतुकाने आणि बऱ्याचशा कुतूहलाने घेतली. कापूस आणि शेतकऱ्यांचे मरण यांखेरीज ज्या जिल्ह्याची बातमी सहसा होत नाही, तेथून या वेळी काही निराळेच ऐकू आले होते. करोनाच्या काळात अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, खेळ आणि नको ती संकेतस्थळे यांतच त्यांचा दिवस जाऊ लागला, अशी गावाची तक्रार होती. सरपंच गजानन टाले यांनी ठरावाच्या जोडीला दंडाची तजवीज जाहीर केली, पण अंमलबजावणीत प्रारंभी अडचणी येणार आणि त्या समुपदेशनाने दूर कराव्या लागणार, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले. आणि सरकारी दप्तरांतून निघणाऱ्या कित्येक हुकुमांपेक्षा हा ठराव मला अधिक प्रामाणिक वाटतो तो या कबुलीमुळेच.

ठरावाच्या मुळाशी जी चिंता होती ती खेळांपुरती असती, तर या लेखाचे प्रयोजन नव्हते. मूल फोनात काय पाहते हे कळत नाही, विचारले तर सांगत नाही, आणि फोन तपासावा तर त्यात काहीच सापडत नाही, ही त्या चिंतेची खरी गाठ होय. न सापडण्याचे कारण बहुधा एका लहानशा सोयीत असते, जिला क्रोम या ब्राउझरात ‘गुप्त मोड’ म्हणतात, इंग्रजी नावाने इन्कॉग्निटो म्हणतात, आणि जी दोन बोटांच्या अंतरावर प्रत्येक फोनात हजर असते. ही खिडकी आईबापांना बंद करता येते काय, येत असल्यास कोणत्या उपायांनी, आणि ती बंद करणे योग्य काय, या तीन प्रश्नांचा आढावा येथे घ्यावयाचा आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे देताना एक गोष्ट मात्र सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागेल: ज्या घरांविषयी आपण बोलत आहोत तेथे फोन पुष्कळदा एकच असतो.

फोन या घरांत कसा आला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जो फोन तोवर बाजारभाव विचारण्याच्या व लग्नाची चित्रे पाहण्याच्या कामाचा होता, तोच रातोरात फळा, खडू आणि मास्तर झाला. गुरुजींनीच व्हॉट्सअॅपवर स्वाध्याय धाडायला आरंभ केल्यावर ‘पोट्ट्याच्या हाती फोन देऊ नका’ असे म्हणणाऱ्या आजोबांचे तोंड आपोआप मिटले. ‘असर’ या नावाने निघणाऱ्या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो अशी नोंद आहे. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केलेली मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. वापर येणे आणि मालकी असणे यांत मात्र मोठे अंतर आहे, व मुलींच्या बाबतीत ते अधिकच मोठे आहे: आदल्या वर्षीच्या अहवालात, १४ ते १८ वयातील फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी जेमतेम २० टक्क्यांकडे. म्हणजे पाचांतल्या चार मुली भावाच्या, बापाच्या किंवा आईच्या फोनावर पाहतात, आणि पाहून झाल्यावर तो परत करतात.

आता त्या खिडकीकडे वळू. ॲपल कंपनीने २००५ मध्ये सफारी या आपल्या ब्राउझरात ही सोय प्रथम आणली. गूगलच्या क्रोमने २००८ मध्ये तिला वेषांतराचे नाव व चश्मा-टोपीचे चिन्ह दिले. आणि २००९ संपण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट व फायरफॉक्स यांनीही तिचे अनुकरण केले. सोय मूळची अगदी निरुपद्रवी होती. एकच संगणक अनेकांनी वापरावयाचा असेल, ग्रंथालयात, कचेरीत, किंवा यवतमाळच्या बसस्थानकाजवळ एके काळी तासाच्या दराने चालत असे तशा सायबर कॅफेत, तर एकाच्या खुणा दुसऱ्याला दिसू नयेत, इतकाच तिचा हेतू. खिडकी बंद केली की कोणती पाने पाहिली याची यादी, त्या स्थळांनी ठेवलेल्या कुकीज आणि अर्जांत भरलेली माहिती नाहीशी होते. बायकोसाठी भेटवस्तू गुपचूप खरेदी करणाऱ्या नवऱ्याचे उदाहरण त्या काळी आवर्जून दिले जाई. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये या सोयीची परीक्षा केली, तेव्हा भेटवस्तूंच्या दुकानांपेक्षा प्रौढांसाठीच्या स्थळांवर तिचा वापर अधिक होतो असे त्यांना आढळले. ते वाचून आश्चर्य वाटलेला वाचक मला अद्याप भेटलेला नाही.

परंतु ही गुप्तता किती तोकडी आहे याची कल्पना फार थोड्यांना असते. खिडकी मिटल्यावर पुसल्या जातात त्या फक्त त्या यंत्रावरील खुणा. इंटरनेट पुरवणारी कंपनी, ज्या स्थळाला भेट दिली ते स्थळ, आणि शाळेचे किंवा कचेरीचे जाळे असल्यास त्याचा चालक, यांना जे दिसावयाचे ते दिसतच राहते. उतरवून घेतलेली चित्रे व चित्रफिती फोनातच राहतात, आणि ज्यांचे भांडे फुटते त्यांचे बहुधा त्यांच्यामुळेच फुटते. गूगल गुप्त खिडकीतही वापरकर्त्यांची माहिती गोळा करते अशी फिर्याद २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयात दाखल झाली, आणि २०२४ च्या तडजोडीत कंपनीला अशा असंख्य नोंदी नष्ट करण्याचे मान्य करावे लागले. तात्पर्य, ही खिडकी जगापासून काही लपवीत नाही. ती लपवते ते घरापासून. मुलांच्या दृष्टीने नेमके तेवढेच पुरेसे असते.

ती बंद करण्याचे उपाय आहेत, आणि ते बऱ्यापैकी चांगलेही आहेत. गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ या २०१७ मध्ये आलेल्या व्यवस्थेत मुलाचे खाते पालकाच्या देखरेखीखाली उघडले, की त्या खात्यावर क्रोममधील गुप्त मोड मुळी उघडतच नाही. ॲपलच्या फोनात २०१८ पासून ‘स्क्रीन टाइम’ आहे. त्यात प्रौढांची संकेतस्थळे मर्यादित करण्याचा पर्याय निवडला की सफारीतील खाजगी खिडकीचे बटणच अदृश्य होते, आणि हे दोन वेगळे हुकूम एकाच कळीवर ठेवण्यात त्या कंपनीने जो विवेक दाखवला तो मला दाद देण्याजोगा वाटतो. मायक्रोसॉफ्टच्या कुटुंबव्यवस्थेत गाळणी सुरू केली की एजची खाजगी खिडकी बंद होते, शिवाय इतर प्रचलित ब्राउझरांनाही मज्जाव होतो. ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे ज्याला रजिस्ट्री म्हणतात त्या दप्तरात, एक नोंद घालून क्रोमचा गुप्त मोड कायमचा बंद करता येतो, आणि फायरफॉक्सलाही धोरणाच्या एका फायलीद्वारे तसाच हुकूम देता येतो. या कळा मुळात मोठ्या कचेऱ्यांसाठी घडवलेल्या आहेत, पण बापाने कारकुनाची भूमिका घेतली तर त्या घरातही चालतात. येथे एक सूचना करणे अवश्य आहे. ब्राउझरला जोडून बसवण्याच्या ज्या गाळण्या मिळतात, त्या मुभा दिल्यावाचून क्रोमच्या गुप्त खिडकीत चालत नाहीत. तेव्हा खिडकी उघडी ठेवून अशी गाळणी बसवणे म्हणजे पुढल्या दाराला कुलूप लावून मागले सताड उघडे टाकण्यासारखे होय.

येथवर सारे ठीक. अडचण येते ती घराच्या रचनेची. वरील प्रत्येक व्यवस्था असे गृहीत धरते की मुलाजवळ एक यंत्र आहे, पालकाजवळ दुसरे आहे, मुलाच्या यंत्रावर मुलाचे खाते आहे, आणि पालक आपल्या यंत्रावरून त्यावर लक्ष ठेवील. ही कल्पना कॅलिफोर्नियातील घरातून निघालेली आहे, आणि अमरावती किंवा नागपुरातील नोकरदाराच्या घरातही ती हल्ली खपून जाते. पण उमरखेड किंवा झरी-जामणीकडील शेतकरी वा शेतमजूर कुटुंबात जेथे फोन एक, खाते बापाच्या नावाचे, तेही दुकानदाराने फोन विकताना उघडून दिलेले आणि त्याचा परवलीचा शब्द कोणालाच ठाऊक नसलेला, तेथे देखरेख कोणी कोणावर ठेवावी? अँड्रॉइड फोनवरील प्रौढाच्या साध्या खात्यात गुप्त मोड बंद करण्याची सरळ कळ क्रोमने दिलेलीच नाही. ती देण्याचे आश्वासन देणारी परकी ॲप्स मिळतात, परंतु घरातील मुलाची चाहूल घेण्यासाठी अनोळखी इसमाच्या हाती घराची किल्ली देण्याचा हा प्रकार होतो, आणि मी तो कोणालाही सुचवणार नाही.

येथे या विषयातील एक मोठा विपर्यास लक्षात येतो. खाजगी खिडकी ही सामाईक यंत्रासाठी जन्मली. पालकांची देखरेख ही व्यक्तिगत यंत्रासाठी जन्मली. आणि आपल्याकडील यंत्र सामाईक आहे. म्हणून ज्या खिडकीला आपण चोरदार समजतो तिचा मूळ उपयोग आपल्याच घरांत सर्वांत न्याय्य ठरतो. बापाने रात्री जे पाहिले त्याच्या खुणा सकाळी गृहपाठ शोधणाऱ्या मुलीच्या पुढे सूचना म्हणून उभ्या राहतात, हा संकोच कित्येक घरांत मुकाट्याने गिळला जातो. अशा वेळी गुप्त खिडकी वापरावयास शिकवायचे झाल्यास आधी बापाला शिकवावे, असे मला अगदी गंभीरपणे वाटते.

सामाईक फोनाला शोभेल असा एक उपाय मात्र आहे, आणि तो ब्राउझराच्या खालच्या थरात बसतो. संकेतस्थळाचे नाव टाकले की फोन प्रथम एका नामकोशाकडे त्या नावाचा पत्ता विचारतो. या नामकोशाला डीएनएस म्हणतात. प्रौढांच्या स्थळांचे पत्ते देण्यास नकार देणारे नामकोश उपलब्ध आहेत, त्यांपैकी क्लाउडफ्लेअर कंपनीचा कुटुंबांसाठीचा नामकोश एप्रिल २०२० पासून विनामूल्य चालतो. अँड्रॉइडच्या २०१८ मधील नवव्या आवृत्तीपासून फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘खाजगी डीएनएस’ नावाचा रकाना असतो. त्यात फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम हे नाव इंग्रजी अक्षरांत भरले की काम झाले. पत्ताच मिळत नसल्यामुळे ब्राउझर कोणता, खिडकी साधी की गुप्त, सिमकार्ड कोणाचे, याने काही फरक पडत नाही. त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकाच स्थळाच्या आतले एक पान अडवून दुसरे सोडणे नामकोशाला जमत नाही. रकाना रिकामा करणाऱ्या चतुर मुलापुढे किंवा व्हीपीएन नावाच्या भुयारापुढे त्याचा इलाज चालत नाही. आणि भारतात ही भुयारे किती सहज खोदली जातात हे २०१८ साली दिसून आले, जेव्हा उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दूरसंचार खात्याने ८२७ अश्लील स्थळे बंद करविली आणि ज्यांना जायचे होते ते दुसऱ्या वाटेने जात राहिले. गाळणीचा एकंदर गुण किती, याविषयी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष पालकांना नाउमेद करणारा आहे: एका मुलाला असे काही दिसण्यापासून वाचवावयाचे तर १७ ते ७७ घरांनी गाळणी वापरावी लागेल, असा त्यांचा हिशेब. मला त्यातून गाळणी निरुपयोगी आहे असे दिसत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चुकून जे दिसते ते ती अडवते, पंधरा वर्षांचा मुलगा मुद्दाम जे शोधतो ते अडवीत नाही, आणि या दोहोंची गल्लत केल्यामुळेच तिच्याविषयी अति आशा व अति निराशा दोन्ही उत्पन्न होतात.

शिवाय ब्राउझर हेच आता मुख्य दार राहिलेले नाही. टेलिग्रामच्या गटातून, व्हॉट्सअॅपवरच्या अग्रेषित चित्रफितींतून, यूट्यूबच्या स्वतःच्या गुप्त मोडमधून आणि रील्सच्या अखंड प्रवाहातून जे येते, त्याला ब्राउझरावरच्या कुलुपाची वार्ताही नसते.

कायद्याची स्थिती पाहू जाता वयाचा प्रश्न पुढे येतो, आणि येथे बांशीच्या ग्रामसभेला एक अनपेक्षित सोबती भेटतो. गूगल भारतात तेराव्या वर्षी मुलाला स्वतःचे खाते चालवू देते. हा आकडा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यातून जगभर पसरला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी घातली, व जबाबदारी मुलांवर किंवा आईबापांवर न टाकता कंपन्यांवर टाकली. आणि भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने बालक म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती अशी व्याख्या केली, जी बांशीच्या ठरावाची तंतोतंत मर्यादा आहे. बालकाच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, बालकाचा माग काढू नये, त्याच्या वर्तनावर पाळत ठेवू नये, त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे हा कायदा कंपन्यांना बजावतो आणि भंगाबद्दल २०० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून या कलमांचा अंमल त्यानंतर अठरा महिन्यांनी यावयाचा आहे. पालकाने स्वतः पाळत ठेवावी काय, याविषयी मात्र हा कायदा मौन बाळगतो.

ते मौन मला बोलके वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेतील सोळाव्या अनुच्छेदाने तो बालकालाही दिला, आणि त्या संहितेचा भारताने १९९२ मध्ये स्वीकार केला. केरळच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, वसतिगृहातील फोनबंदी झुगारल्याबद्दल काढून टाकलेल्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला परत घेण्याचा हुकूम देताना, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचाच भाग आहे असे मत नोंदविले. ती विद्यार्थिनी सज्ञान होती, हा भेद विसरून चालणार नाही. पण सतराव्या वर्षाच्या शेवटच्या रात्री ज्याला कोणताही पडदा नाही, त्याला अठराव्याच्या पहिल्या सकाळी पूर्ण पडदा मिळावा, हे तर्काला धरून नाही.

माझे मत विचाराल तर ते असे. दहा-अकरा वर्षांपर्यंत खाजगी खिडकी बंद असावी, आणि याविषयी मुलाची संमती विचारण्याचे कारण नाही. विहिरीला कठडा बांधताना आपण ती विचारीत नाही. बारा ते पंधरापर्यंत ती बंद ठेवावयाची तर मुलाला सांगून ठेवावी. ज्याला आपण पाळतीवर आहोत हे दुसऱ्याकडून कळते, तो त्या दिवसापासून मित्राच्या फोनावर पाहू लागतो, आणि मित्राच्या फोनावर आपली हुकमत नाही. त्यापुढील वयात खिडकी उघडी असू द्यावी आणि भरवसा खालच्या थरातील गाळणीवर ठेवावा. याचे कारण केवळ तत्त्वाचे नाही. पाळी का चुकली, छातीत गाठ लागते ती कशाची, घरी ठरत असलेले लग्न कायद्याने थांबवता येते काय, कोणी नात्यातल्याने हात लावला तर कोणाला सांगावे, हे प्रश्न भावाच्या फोनावर विचारणाऱ्या मुलीला तीच एक खिडकी आहे, आणि ती बंद केली तर प्रश्न नाहीसे होत नाहीत, फक्त ते विचारले जात नाहीत. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक शोधणाऱ्या मुलीने तो शोधल्याची खूण, ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच फोनात राहावी काय?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने बांशीच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, निराळा मार्ग धरला होता. तेथे सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी संच व फोन बंद होतात; मुले पुस्तके उघडतात. या दोन ठरावांतील भेद वेळेचा व वयाचा वाटतो, पण खरा भेद निराळ्याच ठिकाणी आहे: बांशीचा ठराव मुलांना लागू होता, वडगावचा भोंगा आजोबांनाही लागू आहे.

गेल्या वर्षी दारव्ह्याकडील एका परिचित गृहस्थांनी मला फोन पुढे करून विचारले, “मुलगा आठवीत आहे, ते गुप्त का काय म्हणतात ते यातून काढून द्या.” ते काढता येत नाही, पण वाईट स्थळांचे पत्तेच मिळणार नाहीत अशी व्यवस्था दोन मिनिटांत करून देतो, असे सांगून मी सेटिंग्ज उघडली, रकाना दाखवला आणि नाव भरू लागलो. तेव्हा त्यांनी जरा थांबून, आवाज उतरवून विचारले, हे केल्यावर फक्त मुलासाठी बंद होईल, की फोन कोणाच्याही हातात असला तरी? कोणाच्याही, मी म्हणालो. त्यांनी फोन परत घेतला, खिशात घातला, आणि कपाशीला यंदा भाव काय निघेल याविषयी बोलू लागले.